एक जात, फुलं वेगळी: मराठवाड्याच्या शिवारात फुलांच्या रूपभेदाचा अभ्यास कसा करावा

तरवडाच्या फुलाकडे समोरून पाहिलं तर त्याची बाकदार हिरवट दांडी एका फुलात डावीकडे झुकलेली दिसते, शेजारच्या फुलात उजवीकडे. वांग्याच्या एकाच झुबक्यात एका फुलाची कुक्षी (स्त्रीकेसराचं पराग झेलणारं टोक) परागकोशांच्या वर डोकावते, तर दुसऱ्याची आत बुडालेली असते. केना हे तण वर निळी फुलं उघडतं आणि त्याच वेळी मातीखाली कधीच न उघडणारी फुलं धरतं. हे तिन्ही रूपभेद मराठवाड्यातल्या जवळपास कुठल्याही गावाच्या शिवारात सापडतात आणि ते पाहायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. चार्ल्स डार्विनने १८७७ साली याच विषयावर अख्खा ग्रंथ लिहिला. त्याचं बरंचसं काम फुलं मोजणं, हाताने परागीकरण करणं आणि बिया मोजणं हेच होतं.

फरक दिसायला वेळ लागत नाही. तो फरक खरोखर रूपाचा आहे, की फुलाच्या वयाचा, जागेचा, पाण्याचा, नाहीतर रोगाचा, हे ठरवायला लागतो. शाळा-कॉलेजातले प्रकल्प फसतात ते इथेच. म्हणून मोजणी सुरू करण्याआधी चार गोष्टी बाजूला काढा.

आधी वय, रोग, फवारणी आणि चुकीची ओळख

अमेरिकन कपाशीचं फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळसर असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. एकाच झाडावर दोन्ही रंग दिसतात, पण ती दोन रूपं नाहीत, दोन दिवस आहेत. मधुमालती संध्याकाळी पांढरी उमलते, मग गुलाबी, मग लाल होते. घाणेरीच्या गुच्छातही मधली कोवळी फुलं पिवळी आणि कडेची जुनी गुलाबी किंवा केशरी असतात. पिवळ्या करडईची फुलं सुकताना तांबूस होतात. यावरचा उपाय सोपा आहे. रंगाबद्दल काहीही लिहिण्याआधी दहा कळ्यांना दोरा बांधा आणि उमलल्यापासून गळेपर्यंत सकाळ-संध्याकाळ त्यांचा रंग नोंदवा. रंग बदलत असेल, तर पुढची सगळी मोजणी फक्त पहिल्या दिवसाच्या फुलांवर करायची.

रोगाचं उदाहरण तिळात मिळतं. पर्णगुच्छ झालेल्या झाडावर फुलांच्या जागी हिरवी, पानासारखी वेडीवाकडी झुपकी येतात. हा रोग तुडतुडे पसरवतात. सदाफुलीवरही असाच प्रकार दिसतो. एखाद्याला ते ‘हिरव्या फुलाचं रूप’ वाटू शकतं. रोगाची खूण अशी की बदल फुलापुरता थांबत नाही, शेंड्याची पानं बारीक होतात, पेरं आखडतात, झाड झुडपासारखं होतं. तणनाशकाचंही तसंच. शेजारच्या ज्वारीत किंवा उसात २,४-डी मारलं आणि वाऱ्याने ते कपाशीवर आलं, तर पानं भेंडीसारखी चिरलेली दिसतात आणि पात्याही विकृत होतात. अशा शेतातली फुलं मोजायची नाहीत. शेतकऱ्याला आसपासच्या फवारणीबद्दल आधीच विचारा.

चौथी गफलत म्हणजे दोन जाती एकच समजणं. रुई हे याचं ठळक उदाहरण. एका रुईच्या पाकळ्या सपाट पसरलेल्या किंवा मागे वळलेल्या असतात आणि फूल फिकट जांभळं किंवा पूर्ण पांढरं असतं. दुसरीच्या पाकळ्या उभट असतात आणि टोकं गर्द जांभळी. या दोन वेगळ्या जाती आहेत, कॅलोट्रॉपिस जायगँटिया आणि कॅलोट्रॉपिस प्रोसेरा. पहिलीतला पांढरा आणि जांभळा हा मात्र खरा जातीअंतर्गत रंगभेद आहे. म्हणून नियम असा ठेवा: फुलांत फरक दिसला की लगेच पान, फळ, बी आणि खोड पाहा. फुलाबरोबर फळही वेगळं निघालं, तर बहुधा जातच वेगळी. ओळख पटवायला व्ही. एन. नाईक यांचे मराठवाड्याच्या वनस्पतींवरचे १९९८ सालचे दोन खंड जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मिळतात का ते पाहा. रुईचा चीक डोळ्याला फार वाईट. फूल हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय भिंग डोळ्याला लावू नका.

पिशवीत काय हवं

दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, टोकदार चिमटा, दोन सुया, अर्ध्या तोडलेल्या ब्लेडची दोन-तीन पाती, मिलिमीटरचा आलेख कागद चिकटवलेला पुठ्ठा, काळा पुठ्ठा, तीन-चार रंगांचा सुती दोरा, दोरा लावलेले छोटे कागदी टॅग (सोनार दागिन्यांना लावतात तसे), शिसपेन्सिल आणि कडक पुठ्ठ्याची वही. पेन नको. पावसात शाई पसरते, उन्हात उडते. डिजिटल व्हर्निअर कॅलिपर मिळाला तर उत्तम. नसेल तर आलेख कागदावर फूल ठेवून अर्ध्या मिलिमीटरपर्यंत वाचता येतं आणि खाली दिलेल्या बहुतेक कामाला तेवढं पुरतं.

फुलं घरी आणून मोजायची असतील, तर ओल्या फडक्यात गुंडाळू नका, पाकळ्या पारदर्शक होऊन फाटतात. सत्तर टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटल्या न्या. ९५ टक्क्यांच्या ७० मिलिलिटर अल्कोहोलमध्ये २५ मिलिलिटर पाणी घातलं की ७० टक्के होतं. अल्कोहोलमध्ये रंग उडतो आणि पाकळ्या थोड्या आक्रसतात. तेव्हा रंग जागेवरच लिहा, आणि ताज्या फुलांची मापं अल्कोहोलमधल्या फुलांच्या मापांत कधीही मिसळू नका.

मोजायचं झाड, नुसतं फूल नाही

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. एका झुडपावरची शंभर फुलं म्हणजे शंभर पुरावे नव्हेत, ते एकाच झाडाबद्दलचे शंभर शब्द आहेत. जातीत किती विविधता आहे हे सांगायचं असेल तर झाडं जास्त आणि प्रत्येक झाडावरची फुलं कमी घ्या. एका ठिकाणी किमान तीस झाडं, प्रत्येकाची पाच ते दहा फुलं, आणि अशी किमान तीन ठिकाणं. एक मुरमाड माळ, एक काळ्या मातीचा बांध, एक ओढ्याकाठ असं घेतलं तर जमीन आणि पाण्याचा परिणामही उमगतो.

झाड निवडताना डोळा नेहमी भरगच्च फुललेल्या झुडपाकडे जातो. ते टाळायला वाट आधी ठरवा: बांधाच्या एका टोकापासून सरळ चालायचं, दर वीस पावलांनी थांबायचं आणि उजव्या हाताचं सगळ्यात जवळचं फुललेलं झाड घ्यायचं, मग ते खुरटं का असेना. फांद्या जमिनीला टेकून मुळं धरणाऱ्या वनस्पतींत हे अंतर आणखी वाढवा, नाहीतर एकच झाड दोनदा मोजलं जातं.

वहीतली प्रत्येक ओळ एका फुलाची. तारीख आणि वेळ, गाव-तालुका, जमीन, झाडाचा क्रमांक, फुलाचा क्रमांक, फुलोऱ्यातली जागा (तळाचं, मधलं, शेंड्याचं), वय, रूप, मापं आणि शेवटी शेरा. ‘जागा’ आणि ‘वय’ हे रकाने कंटाळवाणे वाटतात, पण पुढे सगळा उलगडा त्यांच्यातूनच होतो. झाडाचे क्रमांक गावाच्या अक्षराने सुरू करा, म्हणजे दोन ठिकाणचे ‘झाड ७’ एकमेकांत मिसळणार नाहीत.

वेळ शक्यतो सकाळी सात ते दहा. त्यानंतर केना मिटतो आणि इतर फुलंही कोमेजायला लागतात. अभयारण्यात, म्हणजे गौताळा, येडशी किंवा नायगावला, फूल तोडायला वनविभागाची परवानगी लागते. खरं तर त्याची गरजच नाही. तरवड, वांगं आणि केना गावाबाहेर पडताच मिळतात.

तरवड: डावं फूल, उजवं फूल

सुरुवातीला तरवडच घ्या. मुरमाड माळावर, रस्त्याच्या कडेला, बालाघाटाच्या उतारावर तो मुबलक आहे, फूल मोठं आहे आणि रूप मोजपट्टीशिवाय ओळखता येतं. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तो चांगला फुललेला असतो.

पूर्ण उमललेलं फूल तोंडासमोर धरा. पाच पिवळ्या पाकळ्या दिसतील. दहा पुंकेसरांपैकी वरचे तीन वांझ असतात. उरलेल्यांत काही लहान, काही लांब आणि बाकदार. त्यांच्याबरोबर खालून येणारी आणखी एक बारीक, हिरवट, धनुष्यासारखी दांडी म्हणजे स्त्रीकेसर. तिच्या तळाशी कोवळ्या शेंगेसारखा अंडाशय आणि टोकाला कुक्षी. ही दांडी तुमच्या डाव्या हाताकडे झुकली असेल तर ‘डा’, उजव्या हाताकडे असेल तर ‘उ’. ‘तुमच्या’ हाताकडे, फुलाच्या नव्हे. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण दोघं मिळून मोजत असाल आणि दोघांची समजूत उलटी असेल, तर अख्खा दिवस वाया जातो.

डावं-उजवं उलटं होण्याचे आणखी दोन मार्ग आहेत. फूल मागून पाहिलं तर बाजू बदलते. आणि मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो पुष्कळदा आरशासारखा उलटा साठवला जातो. म्हणून फोटो मागच्या कॅमेऱ्याने, समोरून, आणि चौकटीत अक्षरं लिहिलेला टॅग ठेवून काढा. अक्षरं सरळ वाचता आली तर फोटोही सरळ. फूल लोंबतं असेल तर वांझ पुंकेसर वर येतील असं फिरवून मगच बाजू ठरवा. कळ्या आणि अर्धवट उमललेली फुलं मोजू नका.

दोन्ही रूपं एकाच झुडपावर, एकाच गुच्छातही मिळतात. दांडी ज्या बाजूला गेली, त्याच्या कोणत्या बाजूला मोठे पुंकेसर आहेत तेही लिहा. याचा अर्थ भुंग्याकडे पाहिल्यावर कळतो. तरवडाचा परागकोश फाटत नाही, त्याला टोकाशी बारीक छिद्र असतं. मोठा काळा भुंगा लहान पुंकेसरांना धरून अंग थरथरवतो, तेव्हा छिद्रातून पराग उडतो. त्याचा ‘झूं’ आवाज दोन-तीन हातांवरून ऐकू येतो. लहान पुंकेसरांचा पराग तो स्वतःसाठी गोळा करतो, तर लांब पुंकेसरांचा पराग त्याच्या अंगाच्या कडेला बसतो आणि उलट्या बाजूच्या फुलाच्या कुक्षीला लागतो. शाळेत नादकाटा असेल तर रबरावर आपटून त्याचा दांडा परागकोशाच्या देठाला टेकवा, खाली काळा पुठ्ठा धरा, पिवळी भुकटी पडलेली दिसेल. नुसत्या बोटाने हलवलं तर जवळपास काहीच पडत नाही. हा प्रयोग आठवीच्या वर्गातही होतो आणि मुलांना तो फार आवडतो.

आता हिशेब. डावी आणि उजवी निम्मी-निम्मी आहेत का हे तपासायला दोघांच्या संख्येतला फरक काढा, त्याचा वर्ग करा आणि एकूण फुलांनी भागा. उत्तर ३.८४ पेक्षा मोठं आलं तर फरक निव्वळ योगायोगाचा मानणं कठीण. समजा ३०० फुलांत १६२ डावी आणि १३८ उजवी. फरक २४, वर्ग ५७६, भागिले ३००, उत्तर १.९२. म्हणजे निम्मी-निम्मी मानायला हरकत नाही. तेच १७० आणि १३० असते तर १६०० भागिले ३००, म्हणजे ५.३३, आणि मग कारण शोधायला हवं. मात्र एका झुडपाची फुलं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. म्हणून हाच हिशेब झुडपांवरही करा: किती झुडपांवर डावी जास्त, किती झुडपांवर उजवी जास्त. दोन्ही हिशेब एकच बोलले, तरच ठामपणे लिहा.

वांगं: रूप जागेवरून ठरतं

वांग्यात कुक्षीवृंताच्या, म्हणजे अंडाशयापासून कुक्षीपर्यंतच्या दांडीच्या, लांबीवरून चार प्रकारची फुलं मानतात: लांब, मध्यम, आभासी आखूड आणि आखूड. लांबमध्ये कुक्षी परागकोशांच्या शंकूच्या वर येते, मध्यममध्ये बरोबरीला असते, उरलेल्या दोन्हींत आत दडते. आभासी आखूडमध्ये अंडाशय जरा तरी दिसतो, आखूडमध्ये तो अगदी खुजा राहतो. फळ धरतात ती लांब आणि मध्यम. आखूड फुलं जवळपास नराचंच काम करून गळतात. ‘फुलं भरपूर, वांगी कमी’ या तक्रारीमागचं एक कारण इथे असतं, म्हणून या मोजणीत शेतकऱ्यालाही रस असतो.

वांग्यावर शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी वरचेवर फवारणी होते. शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली हे विचारल्याशिवाय शेतात उतरू नका. शक्य असेल तर परसात फवारणी न करता वीस रोपं लावा. दोन वाणांची तुलना करायची असेल तर बी नावानिशी घेतलेलं हवं. आठवडी बाजारातल्या सुट्या रोपांवर वाणाबद्दल काही सांगता येत नाही.

मोजायची रीत अशी. शंकूच्या टोकापासून कुक्षीपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या. कुक्षी वर असेल तर अधिक, आत असेल तर उणे. आतली कुक्षी दिसत नाही, त्यासाठी ब्लेडने शंकू उभा चिरावा लागतो आणि फूल वाया जातं. म्हणून फुलांचे दोन गट करा, एक चिरून मोजायला, दुसरा टॅग लावून फळधारणा पाहायला. दुसऱ्या गटात सुईने शंकूचं तोंड हलकेच फाकवून रूप ठरवा आणि देठाला सैल दोरा बांधा: लांबला लाल, मध्यमला पिवळा, दोन्ही आखूडांना पांढरा. गाठ आवळली तर देठ चिमटतो, फूल गळतं, आणि तुम्ही ते आखूडच्या खात्यात टाकून मोकळे होता. आठ-दहा दिवसांनी पाहा. फळ धरलं असेल तर पाकळ्या गळून त्यांच्याखालचा हिरवा निदलपुंज फुगलेला असतो. नसेल तर दोरा जमिनीवर किंवा रिकाम्या देठावर मिळतो. प्रत्येक रंगाची किमान साठ फुलं हवीत, कारण काही वाऱ्याने, काही अळीने जातात.

आता ‘जागा’ हा रकाना उघडा. झुबक्यातलं तळाचं, सर्वांत आधी उमलणारं फूल बहुतेक वेळा मोठं आणि लांब कुक्षीवृंताचं निघतं, मागून येणारी लहान आणि आखूड. म्हणजे इथे ‘लांब झाड’ आणि ‘आखूड झाड’ असे दोन वंश नाहीत. एकच झाड आपल्या फुलांना जागेप्रमाणे आणि पोषणाप्रमाणे वेगवेगळं घडवतं. याची पडताळणी करायची असेल तर दहा झाडांची कोवळी फळं येतील तशी तोडत राहा, दहा झाडांची ठेवा, आणि तीन आठवड्यांनी दोन्ही गटांत आखूड फुलांचं प्रमाण मोजा. खत आणि पाणी दोन्हीकडे सारखं हवं. ओळीआड ओळ असं वाटप केलं तर जमिनीचा फरक दोन्ही गटांत सारखा पडतो.

चार प्रकार ही माणसाने आखलेली रेघ आहे की फुलांतच तुटक गट आहेत, हे पाहायला आलेख काढा. आडव्या रेषेवर कुक्षीचं अंतर अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या टप्प्यांत, उभ्या रेषेवर फुलांची संख्या. स्पष्ट दोन उंचवटे आणि मध्ये खोलगट भाग आला तर दोन रूपं खरी. एकच पसरट उंचवटा आला तर फरक सलग आहे, आणि प्रकारांची नावं फक्त सोयीची. हा आलेख कुठल्याही जातीला लावता येतो आणि तो काढल्याशिवाय ‘दोन रूपं सापडली’ असं लिहू नये. मोजणीत तुमची स्वतःची चूक किती, तेही काढा: वीस फुलं एकदा मोजून आकडे झाका, तासाभराने पुन्हा मोजा. दोन वेळच्या आकड्यांत सरासरी जेवढा फरक पडतो, त्याहून लहान भेदावर काहीही उभारू नका.

केना: मातीखालचं फूल

सोयाबीन आणि कपाशीत खुरपणीला आलेल्या बाईला केना दाखवावा लागत नाही. या तणाच्या वरच्या फांद्यांवर नरसाळ्यासारख्या हिरव्या आवरणातून निळी फुलं सकाळी उघडतात आणि दुपारपर्यंत मिटतात. त्यांतल्या काही फुलांत अंडाशय खुजा असतो, ती कामापुरती नर. काही वरची फुलं न उघडताच बी धरतात. आणि बुडातून निघालेल्या पांढुरक्या फांद्या मातीत शिरून तिथे बंद फुलं धरतात. ही फुलं स्वतःच्याच परागाने फळतात. वरचा भाग जनावराने खाल्ला किंवा कोळप्याने कापला, तरी खालचं बी शाबूत राहतं.

ही खालची फुलं बहुतेकांना सापडत नाहीत आणि दोष मातीचा असतो. काळी माती ओली असताना चिकटते आणि फांद्या तिच्याबरोबर तुटतात. वाळली की ढेकूळ फोडताना फांद्याही मोडतात. पावसानंतर वाफसा आल्यावरच खणा. झाडाच्या बुडापासून वीतभर अंतरावर खुरप्याने गोल घ्या, वीतभर खोल जा आणि गड्डा मातीसकट उचला. उपटायचं नाही. बादलीत पाणी आणि मूठभर कपड्याची साबण पावडर टाकून गड्डा रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी दुसऱ्या पाण्यात हळूच हलवा. माती विरघळून खाली बसते आणि पांढऱ्या फांद्या अखंड मिळतात. उरलेला गाळ बारीक चाळणीतून काढा, सुटलेली फळं तिथे सापडतात.

फळं भिंगाखाली उघडली की आणखी एक भेद दिसतो. वरच्या पूर्ण भरलेल्या फळात पाच बिया असतात, एक मोठी आणि चार लहान. जमिनीखालच्या फळात तीन, एक मोठी आणि दोन लहान. म्हणजे एकाच झाडाच्या चार प्रकारच्या बिया. त्या वेगवेगळ्या पुड्यांत घालून कुंड्यांत पेरल्या तर उगवण एकाच वेळी होत नाही. कुंडीवर बियांचा प्रकार, तारीख आणि खोली लिहा. माती मात्र शेतातली घेऊ नका, तिच्यात आधीचाच केना दडलेला असतो. घेतलीच तर एका कुंडीत बी न पेरता ती तशीच ठेवा. तिच्यात केना उगवला तर बाकीच्या कुंड्यांचे आकडे धरू नका.

तुलनेसाठी एक प्रश्न सुचवावासा वाटतो: नियमित कोळपणी होणाऱ्या शेतातल्या आणि पडीक बांधावरच्या केन्यात खालच्या आणि वरच्या फळांचं प्रमाण सारखं असतं का? दोन्हीकडची वीस-वीस झाडं पुरेत, फक्त ती एकाच वयाची हवीत.

एकाच झाडाचं तळं

जलपर्णीच्या जातीत कुक्षीवृंताची तीन रूपं आहेत: लांब, मध्यम आणि आखूड. फुलात तीन लांब आणि तीन तुलनेने आखूड पुंकेसर असतात, आणि कुक्षी उरलेल्या तिसऱ्या उंचीवर. दक्षिण अमेरिकेबाहेर बहुतेक ठिकाणी मध्यम रूपच भेटतं, लांब कमी, आखूड अगदी क्वचित. गोदावरीच्या संथ पात्रात किंवा गावतळ्यात हजार फुलं तपासून सगळी एकाच रूपाची निघाली तर नवल नाही, कारण ही वनस्पती फुटव्यांनी पसरते आणि अख्खं तळं मुळात एकाच झाडाचं असू शकतं. इथे एका तळ्याची हजार फुलं मोजण्यापेक्षा वीस तळ्यांतली पाच-पाच फुलं पाहा. फूल एकच दिवस टिकतं. काठावरून आकडी लावलेल्या काठीने ओढा, पाण्यात उतरू नका.

रोपवाटिकेतल्या पेंटासलाही हाच नियम लागू. त्यात दोन रूपं असतात, कुक्षी बाहेर आणि पुंकेसर आत, किंवा उलट. पण कलमांवर वाढवलेल्या एका रंगाच्या सगळ्या कुंड्या एकाच रूपाच्या निघू शकतात. वेगवेगळ्या रोपवाटिका आणि वेगवेगळे रंग पाहा. फुलाची नळी उभी चिरून तळापासून कुक्षीची आणि परागकोशांची, अशा दोन्ही उंची मोजा. एका रूपातली कुक्षीची उंची दुसऱ्या रूपातल्या परागकोशांच्या उंचीशी जुळते का, हाच इथला खरा प्रश्न.

रूप पुढच्या पिढीत उतरतं का: गोकर्ण

रंगभेद आनुवंशिक आहे की नाही हे पेरल्याशिवाय कळत नाही, आणि त्यासाठी गोकर्णासारखं सोयीचं झाड नाही. निळा आणि पांढरा गोकर्ण गावोगावी कुंपणावर असतो, फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतं आणि बी भरपूर देतं. प्रत्येक रंगाच्या पाच वेलींवर उमलायच्या आदल्या दिवशी कळ्यांना मलमलची छोटी पिशवी बांधा, फूल सुकलं की काढा आणि देठाला टॅग लावा. शेंग वाळून तपकिरी झाली की तडकण्याआधी तोडा. बी कठीण कवचाचं असतं: बारीक पॉलिश पेपरवर दोन-तीनदा घासा, रात्रभर पाण्यात ठेवा, फुगलेलं बी पेरा. न फुगलेलं बी पुन्हा घासा. प्रत्येक आईचं बी वेगळ्या ओळीत, किमान दहा-बारा रोपं. दीड-दोन महिन्यांत फुलं येतात.

पांढऱ्या आईची सगळी रोपं पांढरी आली पाहिजेत. एखादं निळं आलं तर पिशवी बांधायला उशीर झाला असणार, ती ओळ हिशेबातून काढा. निळ्या आईच्या ओळीत काही पांढरी दिसली तर घाबरू नका: निळा रंग पांढऱ्यावर प्रभावी आहे, आणि आईत दोन्ही असतील तर साधारण चारांत एक पांढरं येतं. बारा रोपांत ते तीनच येईल असं नाही, दोन किंवा पाचही येऊ शकतात. प्रमाणाबद्दल बोलायचं असेल तर त्याच आईची चाळीसेक रोपं हवीत.

प्रत्येक रूपाचा एक नमुना दाबून ठेवा, म्हणजे पुढे शंका आली तर झाडाकडे परत जाता येतं. वर्तमानपत्राच्या घडीत फूल तोंड वर करून मांडा, एक फूल चिरून पसरा, पहिले चार दिवस रोज कागद बदला. पावसाळ्यात दोनदा बदला, नाहीतर बुरशी येते. वाळल्यावर ४२ × २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवा आणि वहीतला झाडाचा क्रमांक जसाच्या तसा त्यावर लिहा. तरवडाचं फूल दाबताना दांडी दुसऱ्या बाजूला सरकते, म्हणून ‘डा’ किंवा ‘उ’ हे कागदात ठेवण्याआधीच टॅगवर लिहायचं.